सापडले किती आणि आहेत किती?

अंबा नदी नागोठण्यावरून खाली येते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. ऑगस्ट २०२१ मध्ये नदीकाठचे, रोहा तालुक्यातले हे नागोठणे काही दिवस राज्यभरच्या बातम्यांत होते. करोनाच्या 'डेल्टा प्लस' या उपप्रकाराची बाधा झालेल्या तिथल्या एका ज्येष्ठ नागरिकाचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले होते. त्या दिवसांत राज्यात डेल्टा प्लसचे ६६ रुग्ण नोंदवले गेले होते. जळगावात १३, रत्नागिरीत १२, मुंबईत ११ आणि रायगडमध्ये ३. मृत्यू पाच होते, त्यांपैकी एक रायगडचा.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष सहज काढता येत होते. पहिला असा की, जिल्ह्यात रुग्ण तीनच, म्हणजे हा विषाणू इथे जवळजवळ नाहीच. दुसरा असा की, तिघांत एक दगावला, म्हणजे हा विषाणू तीन बाधितांमागे एकाचा जीव घेतो. पहिल्याने माणूस गाफील होतो, दुसऱ्याने घाबरून जातो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते आणि चुकीचे कारण एकच होते. तीन हा आकडा सापडलेल्या रुग्णांचा होता, असलेल्या रुग्णांचा नव्हता.

चार वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा समोर आला. २०२५ च्या मे महिन्यात करोनाचे रुग्ण पुन्हा दिसू लागले आणि जूनच्या मध्यापर्यंत देशातील सक्रिय रुग्णांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली. सोबत नवी नावे आली. तामिळनाडूत 'एनबी.१.८.१'चा एक रुग्ण, गुजरातेत 'एलएफ.७'चे चार, आणि देशातील ५३ टक्के नमुन्यांत 'जेएन.१'. धरमतरच्या आसपास राहणाऱ्या, मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या आणि गणपतीला घर भरणार असलेल्या माणसाला यातून नेमके काय कळते? फार थोडे. ते थोडे का, आणि अधिक कळण्यासाठी काय करावे लागेल, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

नाव कसे कळते

नाकातून घेतलेल्या स्वॅबची आरटी-पीसीआर चाचणी केली की विषाणू आहे की नाही एवढेच कळते. तो कोणत्या उपप्रकारचा आहे, हे त्या चाचणीतून सहसा कळत नाही. त्यासाठी जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंग करावे लागते. करोना विषाणूची जनुकीय संहिता सुमारे ३० हजार अक्षरांची आहे. तिच्या लाखो प्रती काढून यंत्रावर ती अक्षरशः वाचली जाते, मूळ वुहानच्या विषाणूशी ताडून पाहिली जाते आणि कुठे कोणते अक्षर बदलले आहे त्यावरून विषाणूचे घराणे ठरते. डेल्टा प्लस म्हणजे डेल्टाच, फक्त त्याच्या काट्यासारख्या प्रथिनात 'के४१७एन' हा आणखी एक बदल झालेला.

हे काम प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्यावर होत नाही आणि होण्याची गरजही नाही. भात शिजला की नाही हे पाहायला शितावरून परीक्षा होते, तसेच हे आहे. पण शित कुठले काढले, किती काढली आणि पातेले ढवळले होते का, यावर परीक्षेचा खरेपणा ठरतो. सगळा घोळ इथेच होतो.

एकदा उशीर, एकदा घाई

महाराष्ट्राने या घोळाची दोन्ही टोके अनुभवली आहेत.

पहिले टोक उशिराचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढू लागले आणि २२ फेब्रुवारीपासून तिथे टाळेबंदी करावी लागली. तोपर्यंत करोना ओसरला असेच बहुतेकांना वाटत होते. पुढे जो 'बी.१.६१७' या नावाने ओळखला गेला त्या घराण्याचा विषाणू महाराष्ट्रातील ऑक्टोबर २०२० च्या नमुन्यांत आधीच होता, हे नंतर उघड झाले. देशातील प्रयोगशाळांना एकत्र आणणारा 'इन्साकॉग' हा गट डिसेंबर २०२० च्या शेवटी स्थापन झाला. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी पाच टक्के नमुन्यांचे क्रमनिर्धारण करायचे, असे त्याचे उद्दिष्ट होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पहिला मोठा हिशेब मांडला तेव्हा देशभरात तपासलेले नमुने होते १०,७८७. जानेवारी ते मार्च या काळात देशात चौदा लाखांच्या आसपास नवे रुग्ण नोंदले गेले होते. म्हणजे प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी. त्याच दिवशी महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत 'दुहेरी बदल' झालेला विषाणू असल्याचे सांगण्यात आले. तोवर लाट दारात आली होती. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्णांची नोंद झाली. याच घराण्यातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिले.

आधी कळले असते तर लाट थांबली असती, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण खाटा, प्राणवायू आणि मनुष्यबळ यांच्या तयारीला चार-सहा आठवडे अधिक मिळाले असते. ज्यांनी एप्रिलमध्ये प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्र काढली, त्यांना चार आठवड्यांची किंमत समजावून सांगायला नको.

दुसरे टोक घाईचे. दुसऱ्या लाटेचा घाव ताजा असतानाच २१ जून २०२१ रोजी राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले. रत्नागिरीत नऊ, जळगावात सात, मुंबईत दोन आणि पालघर, ठाणे, सिंधुदुर्गात प्रत्येकी एक. १५ मेपासून प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने घेण्याचे राज्य सरकारने ठरवले होते आणि अशा सुमारे साडेसात हजार नमुन्यांत मिळून हे २१ सापडले होते. भागाकार केला तर हजारात तीनहून कमी. चारच दिवसांनी, २५ जूनला आदेश निघाला की बाधित होण्याचे प्रमाण कितीही कमी असले तरी प्रत्येक जिल्ह्यात किमान तिसऱ्या स्तराचे निर्बंध राहतील. दुकाने चार वाजता बंद. या आदेशामागे डेल्टा प्लसची धास्ती होती, हे उघड होते.

धास्ती समजण्यासारखी होती. एकदा उशीर केलेला माणूस पुढच्या वेळी घाई करतोच. पण डेल्टा प्लसने नंतर काय केले? फारसे काहीच नाही. डेल्टाला मागे टाकण्याइतका तो कधीच पसरला नाही. डेल्टा आणि त्याच्या इतर उपशाखाच राहिल्या आणि वर्षाअखेर ओमायक्रॉनने त्या सगळ्यांची जागा घेतली. रायगड जिल्ह्याला ऑगस्टच्या सुरुवातीच्या शिथिलतेतूनही वगळण्यात आले, पण त्या वेळचा आधार बाधित होण्याचे प्रमाण हा होता. तो निकष कुणाला पटो न पटो, जिल्ह्यात प्रत्यक्ष किती संसर्ग आहे याच्याशी त्याचा संबंध तरी होता. २१ रुग्णांच्या आकड्याचा तसा संबंध नव्हता.

पाच मृत्यू आणि ६६ रुग्ण

नागोठण्याच्या बातमीकडे पुन्हा वळू. ६६ रुग्णांत पाच मृत्यू म्हणजे साडेसात टक्के. एवढा घातक विषाणू असता तर हाहाकार उडाला असता. मग हा आकडा आला कुठून?

क्रमनिर्धारणासाठी कोणाचा नमुना जातो ते पाहिले की उलगडा होतो. रुग्णालयात दाखल झालेल्या, प्रकृती बिघडलेल्या किंवा दगावलेल्या रुग्णाचा नमुना पाठवण्याची शक्यता अधिक असते. घरी दोन दिवस ताप येऊन बरा झालेला माणूस चाचणीलाच जात नाही. गेला तरी ग्रामीण भागात बहुतेक वेळा अँटिजेन चाचणी होते. त्या पट्टीवरून क्रमनिर्धारणाला काहीच जात नाही. घरी करायच्या किटचेही तेच. शिवाय नमुन्यात विषाणू भरपूर असावा लागतो. आरटी-पीसीआरमध्ये किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला ती संख्या, म्हणजे सीटी व्हॅल्यू, साधारण २५ ते ३० च्या आत असेल तरच संहिता नीट वाचता येते. उशिरा चाचणी केलेल्यांचे नमुने इथे गळतात.

म्हणजे जे ६६ हाती आले ते बाधितांच्या गर्दीतून डोळे मिटून उचललेले नव्हते. आजारी माणसे त्यात आधीच जास्त होती. अशा निवडीतून काढलेला मृत्युदर त्या निवडीबद्दल सांगतो. तो विषाणूबद्दल फारसे सांगत नाही.

रुग्णसंख्येचेही असेच. एका गावात नवा उपप्रकार सापडला की त्या गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून अधिक नमुने घेतले जातात. अधिक शोधले की अधिक सापडते. शेजारच्या तालुक्यातून नमुनेच गेले नसतील तर तिथला आकडा शून्य दिसतो. नकाशावर मग एक गाव लाल आणि दुसरे हिरवे होते. लाल गावच्या माणसाला बाजारात वेगळ्या नजरेने पाहिले जाते, हिरव्या गावात मास्क खिशात जातो. विषाणू मात्र दोन्हीकडे सारखाच असू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील 'जेएन.१'चा पहिला रुग्ण सिंधुदुर्गात नोंदवला गेला. तो उपप्रकार सिंधुदुर्गात जन्मला नव्हता, कदाचित राज्यात सर्वप्रथम तिथे पोचलाही नव्हता. तिथला एक नमुना वाचला गेला, एवढेच खात्रीने म्हणता येते.

आणखी एक गोष्ट वेळेची. मुंबईतील डेल्टा प्लसच्या एका रुग्णाचा मृत्यू २७ जुलै २०२१ रोजी झाला आणि उपप्रकाराची माहिती जाहीर झाली ११ ऑगस्टला. नमुना गोळा होणे, थंड ठेवून पाठवणे, यंत्र भरेपर्यंत थांबणे, वाचणे, अहवाल येणे यात दोन-तीन आठवडे सहज जातात. अहवाल आजचा असला तरी त्यातले चित्र मागच्या महिन्याचे असते.

एकच ५३ टक्के, दोन अर्थ

आता २०२५ च्या ५३ टक्क्यांकडे पाहू. पंधरा नमुन्यांपैकी आठ जेएन.१चे निघाले तर प्रमाण ५३ टक्के होते. हजारपैकी ५३० निघाले तरी ५३ टक्केच. बातमीत दोन्ही सारखेच दिसतात, पण दोहोंच्या भरवशात मोठा फरक आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने, हजार नमुन्यांच्या बाबतीत खरे प्रमाण साधारण ५० ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान असेल असे म्हणता येते. पंधरा नमुन्यांवरून मात्र ते २७ टक्क्यांपासून ७९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे 'चारातला एक' ते 'चारातले तीन' यांपैकी काहीही.

शून्याचेही असेच गणित आहे. शंभर नमुने तपासले आणि नवा उपप्रकार एकही सापडला नाही, तर तो नाही असे म्हणता येत नाही. तो तीन टक्क्यांहून अधिक नसावा, एवढेच म्हणता येते. यासाठी सोपा नियम आहे. तीनला नमुन्यांच्या संख्येने भागायचे. पंधराच नमुने असतील तर उत्तर येते २० टक्के. पंधरा नमुन्यांत शून्य निघाले तरी दर पाच बाधितांत एकाला तो उपप्रकार असण्याची शक्यता उरतेच.

हे पंधरा कुठून आले? राज्यात 'सेंटिनल', म्हणजे पहाऱ्याच्या ठिकाणांची पद्धत ठरवली गेली होती. निवडलेल्या पाच प्रयोगशाळा आणि पाच रुग्णालयांनी दर पंधरवड्याला प्रत्येकी पंधरा नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे पाठवायचे. पद्धत चांगली होती, कारण नमुने ठरलेल्या जागेहून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या संख्येने जात. एका ठिकाणचे पंधरा थोडे असले तरी दहा ठिकाणचे दीडशे होत. राज्याचे चित्र त्यातून बऱ्यापैकी उमटे. अडचण ती बातमी एकेका जिल्ह्यावर, तालुक्यावर उतरवताना होई.

मुंबईने मोजले तसे

चांगली मोजणी कशी दिसते ते पाहायला लांब जायला नको. ४ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा सुरू झाली. एका फेरीत ३८४ नमुने वाचण्याची तिची क्षमता होती. पहिल्या फेरीत मुंबईच्या १८८ नमुन्यांपैकी १२८ डेल्टाचे निघाले. नंतर फेऱ्या होत राहिल्या आणि त्यांचे निकाल एकूण नमुन्यांच्या संख्येसह जाहीर होत राहिले.

त्याचा उपयोग ओमायक्रॉन आला तेव्हा दिसला. ३१ डिसेंबर २०२१ ला जाहीर झालेल्या सातव्या फेरीत मुंबईच्या २८२ नमुन्यांपैकी १५६ ओमायक्रॉनचे होते, म्हणजे ५५ टक्के. २४ जानेवारीच्या आठव्या फेरीत २८० पैकी २४८, म्हणजे ८९ टक्के. १४ फेब्रुवारीच्या नवव्या फेरीत १९० पैकी १८०, म्हणजे सुमारे ९५ टक्के. हे तीन आकडे एका ओळीत ठेवले की सहा आठवड्यांत काय घडले ते कुणालाही दिसते. प्रत्येक फेरीत पाच-सहा टक्के इकडेतिकडे धरले तरी ओळ तशीच चढती राहते. एकट्या आकड्यापेक्षा अशी ओळ अधिक सांगते.

त्याच काळात एक स्वस्त युक्तीही हाताशी आली. काही आरटी-पीसीआर किट विषाणूची तीन जनुके शोधतात. ओमायक्रॉनच्या 'बीए.१' शाखेत एस जनुकातला एक तुकडा गळालेला असल्याने त्या किटवर दोन जनुके दिसत आणि एस दिसत नसे. क्रमनिर्धारणाची वाट न पाहता संशयित ओमायक्रॉन त्याच दिवशी वेगळा काढता येई. पण पुढे 'बीए.२' आला. त्यात तो तुकडा शाबूत होता, म्हणून तो या चाळणीतून निसटला. शॉर्टकट उपयोगी पडतात, पण मूळ वाचन चालू असेल तरच ते कधी फसतात हे कळते.

ब्रिटनने आणखी पुढची पायरी गाठली होती. तिथे २०२० ते २०२३ या काळात चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरे निवडून, लक्षणे असोत वा नसोत, घरातल्या माणसांचे स्वॅब घेतले जात. त्यामुळे आजारी नसलेलेही मोजले गेले. फार खर्चाचे काम होते आणि शेवटी तेही थांबवावे लागले. रायगडला तसे करणे शक्य नाही. पण त्यातले तत्त्व फुकट आहे. कोणाचा नमुना घ्यायचा हे आजाराच्या गंभीरतेवर किंवा बातमीवर नव्हे, ठरवलेल्या नियमावर अवलंबून ठेवायचे.

धरमतरला काय जमेल

धरमतरच्या खाडीभोवतीची वस्ती मोजायला सोपी नाही. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठण्यावरून जातो. वडखळहून अलिबागची वाट फुटते ती धरमतरच्या पुलावरून. खाडीत बार्ज येतात, डोलवीच्या कारखान्यात आणि रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कंत्राटी कामगार राहतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत सणाआधी रात्रंदिवस काम चालते आणि मूर्ती न्यायला ठिकठिकाणचे व्यापारी येतात. डोंगरकडेच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे वीटभट्टीवरून पावसाळ्याच्या तोंडावर घरी परततात. मुंबईत जे पसरते ते इथे पोचायला वेळ लागत नाही. पण रायगडच्या आकड्यांत पनवेलचे शहर इतके मोठे आहे की जिल्ह्याचा म्हणून सांगितलेला आकडा बऱ्याच वेळा पनवेलचाच असतो. खाडीकाठ त्यात दिसत नाही.

पुणे-मुंबईत सांडपाण्यावरून विषाणूचा माग काढता येतो. पोलिओसाठी मुंबईच्या गटारांतले नमुने २००१ पासून तपासले जातात आणि करोनाच्या काळात पुण्यातही तसे अभ्यास झाले. एका नमुन्यात हजारो माणसांचा अंश येतो, चाचणीला कोण गेले हा प्रश्नच उरत नाही. पण त्यासाठी घरोघरचे मैलापाणी एका वाहिनीत यावे लागते. जिथे घरोघरी सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा आहे तिथे हा मार्ग सध्या तरी बंद आहे.

मग उरतो साधा मार्ग. २०२५ च्या सूचनांनुसार रुग्णालयात येणाऱ्या फ्लूसारख्या आजाराच्या पाच टक्के रुग्णांची आणि 'सारी', म्हणजे तीव्र श्वसनविकाराच्या सर्व दाखल रुग्णांची करोना चाचणी व्हायची होती. पेण आणि रोह्याची उपजिल्हा रुग्णालये आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय अशा तीन ठिकाणांहून, पंधरवड्याच्या ठरलेल्या दिवसांत आलेल्या पहिल्या पंधरा-पंधरा पॉझिटिव्ह व्यक्तींचे नमुने, सौम्य आजाराचे आणि दाखल असलेले दोन्ही, क्रमनिर्धारणाला गेले तर काय होईल?

हिशेब असा. एखादा नवा उपप्रकार या भागातल्या बाधितांत पाच टक्के आहे असे समजू. एकाच ठिकाणच्या पंधरा नमुन्यांत तो मुळीच न सापडण्याची शक्यता ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीसारखी. तीन ठिकाणचे पंचेचाळीस एकत्र धरले तर तीच शक्यता १० टक्क्यांवर येते. यंत्र नवे नको, इमारत नवी नको. हवी ती शिस्त, थंड पेटीतून वेळेवर होणारी वाहतूक आणि नमुन्यासोबत तालुका, चाचणीची तारीख, आजाराचे स्वरूप आणि लशीची नोंद असलेला कागद. रुग्ण इतके थोडे असतील की पंधरवड्यात पंधराही पॉझिटिव्ह मिळत नसतील, तर जेवढे मिळतील तेवढे सगळे पाठवायचे आणि महिन्याचा हिशेब एकत्र मांडायचा. पनवेलचा हिशेब वेगळा ठेवायचा. आणि निकाल जाहीर करताना 'इतके सापडले' असे न म्हणता 'इतक्यांपैकी इतके' असे म्हणायचे.

सगळ्यात कठीण भाग रुग्ण कमी असतानाचा आहे. लाट नसते तेव्हा चाचण्या बंद होतात, नमुने जात नाहीत, किट मुदतबाह्य होतात. २०२० च्या हिवाळ्यात नेमके हेच झाले होते आणि विदर्भात विषाणू बदलत होता. पहारा शांततेत बसवावा लागतो.

रुग्णाला याचा काय उपयोग?

खाटेवरच्या रुग्णासाठी उपप्रकाराचे नाव जवळपास निरुपयोगी असते. अहवाल येईपर्यंत तो बरा होऊन घरी गेलेला असतो किंवा नागोठण्याच्या त्या कुटुंबासारखे घरचे लोक दुःखात असतात. प्राणवायूची पातळी, वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांवर उपचार ठरतात. ओमायक्रॉनपुढे काही प्रतिपिंड औषधे निष्प्रभ ठरली हा अपवाद सोडला, तर औषधे नावावरून बदलत नाहीत. म्हणून 'माझा उपप्रकार कोणता' असे विचारत खासगी प्रयोगशाळेच्या दारात जाण्याची गरज नाही.

उपयोग आहे तो सगळ्यांना मिळून. लस कोणत्या विषाणूवर बेतायची (जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये जेएन.१ घराण्यावर बेतलेली लस सुचवली, ती अशाच वाचनांवरून), चाचणीचे किट चुकते आहे का, आणि खाटा वाढवायच्या का दुकाने चालू ठेवायची, हे त्यातून ठरते. २०२१ मध्ये चार वाजता शटर ओढणाऱ्या दुकानदाराचा आणि एप्रिलमध्ये प्राणवायू शोधणाऱ्या मुलाचा प्रश्न एकच होता. निर्णय घेणाऱ्यांच्या हातात खरा आकडा होता का?

बातमी वाचताना

नव्या उपप्रकाराची बातमी वाचताना चार प्रश्न मनाशी विचारावेत. किती नमुन्यांपैकी इतके सापडले? ते नमुने कोणाचे होते, दाखल रुग्णांचे की साध्या तापाच्या रुग्णांचेही? ते कोणत्या तारखांना घेतले? आणि आधीच्या महिन्यात हे प्रमाण किती होते? या चारांची उत्तरे नसतील तर त्या बातमीवरून ना घाबरावे, ना निश्चिंत व्हावे.

पाचवा प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रमाण वाढले म्हणजे रुग्ण वाढले का? एका महिन्यात शंभर रुग्ण असून त्यांतले निम्मे नव्या उपप्रकाराचे असतील तर ते पन्नास होतात. पुढच्या महिन्यात चाळीसच रुग्ण असून पाऊण हिस्सा नव्याचा असेल तर तीस. टक्का वाढला, रुग्ण घटले. म्हणून उपप्रकाराच्या टक्क्यासोबत एकूण रुग्ण आणि रुग्णालयातील भरती हेही पाहावे लागते.

२०२५ च्या उपप्रकारांबाबत हा शेवटचा आकडा दिलासा देणारा होता. बहुतेकांना सौम्य आजार झाला आणि घरीच बरे वाटले. वयस्कर, मधुमेही, डायलिसिसवर असलेले आणि गरोदर यांनी मात्र ताप-खोकला अंगावर काढू नये. दम लागत असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. सर्दी-ताप असलेल्या चाकरमान्याने गणपतीला आजी-आजोबांच्या शेजारी बसताना मास्क लावावा. त्यासाठी विषाणूचे नाव माहीत असण्याची गरज नाही. आणि रुग्णालयात स्वॅब मागितला तर तो द्यावा, आपला आजार किरकोळ असला तरी. मोजणीत आजवर उणीव राहिली ती अशा किरकोळ आजाराच्या नमुन्यांचीच.